टाकीतलं शून्य

वेदिकाच्या प्रवाळांच्या टाकीला स्किमर नव्हता. पाण्यातली घाण तपकिरी फेसाच्या रूपात उपसून काढणारं ते यंत्र नसलं तरी चालतं, दर रविवारी थोडं खारं पाणी बदललं की झालं, असं ती म्हणायची.

गेले तीन आठवडे मुलाखतींच्या धावपळीत पाणी बदलायचं राहूनच गेलं होतं. घाणीतून तयार होणारं नायट्रेट वाढायला हवं होतं. चाचणीत ते शून्यच येत होतं.

कॉलेज रोडच्या त्या फ्लॅटमध्ये ती आणि उजमा अशा दोघीच राहायच्या.

"उजमा, माझ्यामागे टाकीचं पाणी तू बदलतेस ना?"

"तुझ्या त्या डबक्याला मी बोट लावत नाही, बाई. पिण्याचं पाणी भरायचा कंटाळा येतो मला."

"मग घाण जाते कुठे? खोटं कशाला बोलतेस?"

उजमाने बॅग भरली आणि मालेगावला घरी निघून गेली.

घाण वाढावी म्हणून वेदिकाने टाकीत दुप्पट खाद्य टाकलं. झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर करतात तशी त्यावर आडवी सही केली.

रविवारी सकाळी सही जशीच्या तशी होती. पट्टी फाडून तिने पाणी तपासलं. नायट्रेट शून्य. प्रवाळ टवटवीत फुलले होते.

म्हणजे उजमा खरं बोलत होती. तिला फोन करून माफी मागायची, असं ठरवून वेदिका आधी तोंड धुवायला गेली.

नुसत्या पाण्याने तिने चूळ भरली आणि थुंकली.

बेसिनमध्ये घट्ट, तपकिरी फेस पडला. त्याला समुद्राचा वास येत होता.