गाडी सुरू होईना

जुने प्लग कुठल्या डब्यात आहेत हे आक्काताईंना ठाऊक होतं. दुपारी अण्णासो झोपले की त्या मागच्या अंगणात जायच्या, बॉनेट उघडून दांडा लावायच्या आणि पदर खोचून गाडीत वाकायच्या. चांगले प्लग काढायचे, त्यांच्या जागी जुने बसवायचे. जुन्यांची टोकं त्यांनी आधीच बत्त्यानं ठोकून मिटवली होती. ठिणगी पडायला जागाच ठेवली नव्हती.

हे सगळं त्या अण्णासोंकडूनच शिकल्या होत्या. साखर कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेला माणूस. सुट्टीच्या दिवशी गाडी उघडून बसायचा आणि पाना हातात द्यायला बायको लागायची. हा डिस्ट्रिब्युटर, ह्याच्या टोपणाखाली फिरतो तो रोटर, ही कॉइल, हिच्यातनं करंट ह्या जाड वायरीनं पुढं जातो. बायकोला कळतंय का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिला कळत होतं.

उन्हाळ्यात उचगावच्या फाट्यावर डाव्या बाजूनं एक सायकलवाली पोरगी आली, ती अण्णासोंना दिसलीच नाही. आक्काताई ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. पोरगी वाचली, सायकलचं चाक वाकलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी डोळे तपासले आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही, गाडी चालवणं बंद करा. दवाखान्यातून घरी गाडी अण्णासोंनीच चालवत आणली.

पुण्याहून मुलाचा, प्रसेनजीतचा फोन आला, तेव्हा त्यानं गाडी विकून टाकायचा विषय काढला. अण्णासोंनी फोन ठेवून दिला. "मी काय आंधळा झालोय व्हय?" एवढंच बायकोला म्हणाले आणि न जेवता झोपले. त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. आक्काताईंनी मग पाना उचलला.

गाडी बंद पडल्यावर अण्णासो आधी हादरले, मग कामाला लागले. मिटलेला प्लग हातात घेऊन बराच वेळ बोटानं चाचपत बसले.

"काय झालंय?" आक्काताईंनी दारातून विचारलं.

"जुनं झालंय की सगळं," ते म्हणाले.

शाहूपुरीत जाऊन त्यांनी नवे प्लग आणले. गाडी लागली, इंजिन सुरू झालं. दोन दिवसांनी आक्काताईंनी रोटर काढून पूर्वीचा तडकलेला रोटर बसवला. अण्णासो परत बसनं शाहूपुरीला गेले. जुन्या गाडीचे पार्ट आता कुणी ठेवत नाही, म्हणून दुकानं पालथी घातली. नवा रोटर आणला, त्यासोबत डिस्ट्रिब्युटरचं टोपणही आणलं. मग आक्काताईंनी कॉइलची वायर सैल केली. अण्णासोंनी कॉइल बदलली.

पावसाळा असाच गेला. रस्त्यावर गाडी एकदाही गेली नाही. पण आक्काताईंना वाटलं होतं तसं समाधान काही मिळेना. अण्णासो बारीक झाले. कारखान्यातले जुने सोबती बोलवायचे, तरी जायचे नाहीत. पायरीवर बसून नुसते गाडीकडं बघायचे. कधी कधी बॉनेट उघडून काहीच न करता उभे राहायचे. माणूस वाचवायला म्हणून आपण हे धरलं आणि माणूसच हातातनं चाललाय, असं आक्काताईंच्या मनात यायला लागलं.

त्यातच कागलहून निरोप आला. आक्काताईंची थोरली बहीण न्हाणीत पडली होती, कमरेचं हाड मोडलं होतं. अण्णासोंनी ते ऐकलं आणि जेवता जेवता म्हणाले, "गाडी लागली तर रविवारी मीच न्हेतो तुला. एकदा जाऊन येऊ. मग तुम्ही म्हणाल तसं."

आक्काताई रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. पहाटे त्यांनी ठरवलं. सकाळी लवकर निघायचं, रस्ता मोकळा असतो. आपण डावीकडं नजर ठेवायची, काही आलं की सांगायचं. एवढा मान त्या माणसाचा राहू दे.

शनिवारी दुपारी अण्णासो झोपल्यावर त्यांनी सगळं जागच्या जागी केलं. नवे प्लग आवळले. चांगला रोटर बसवला. कॉइलची वायर कट्ट आवाज होईपर्यंत दाबली. खात्री करायला किल्ली फिरवली, तर इंजिन लगेच धरलं. त्यांनी घाईनं बंद केलं. आत खाट कुरकुरली, पण अण्णासो काही बाहेर आले नाहीत.

रविवारी सकाळी अण्णासोंनी धुतलेला सदरा घातला. आक्काताई आवरत होत्या, तेवढ्यात फडकं घेऊन गाडी पुसून आले. आक्काताई बहिणीसाठी भाकरी आणि झुणक्याचा डबा घेऊन शेजारी बसल्या. अण्णासोंनी किल्ली फिरवली. खर्रर्र झालं आणि थांबलं. परत फिरवली. इंजिन धरेना.

आक्काताई चकित होऊन बघत राहिल्या. अण्णासो मात्र नेहमीसारखे बॉनेट उघडायला उतरले नाहीत. किल्ली काढून खिशात टाकली.

"राहू दे," ते म्हणाले. "आता इकायचीच. प्रसेनजीतला सांग, गाडी लागतच न्हाय म्हणून. चल, बस मिळंल आत्ता."

त्यांनी डबा घेतला आणि फाटकाकडं चालायला लागले. कितीतरी दिवसांनी त्यांची चाल हलकी होती.

कुलूप बघून येते म्हणून आक्काताई मागं राहिल्या आणि त्यांनी हळूच बॉनेट उचललं. काल दाबून बसवलेली कॉइलची वायर सुटलेली होती. आत धूळ जाऊ नये म्हणून तिचं टोक फडक्यानं स्वच्छ पुसून प्लास्टिकच्या तुकड्यात नीट बांधलं होतं. एवढी काळजी आक्काताईंनी कधीच घेतली नव्हती.