क्रॉसिंग

घरच्या कपाशीचं बोंडअळीनं वाटोळं केलं, तेव्हापासून तानुबाई देऊळगाव राजाजवळच्या संकरित बियाण्याच्या प्लॉटवर मजुरीला जाते. क्रॉसिंग, म्हणजे हातानं परागीकरण, करताना नराचं फूल मादीच्या फुलाला हलकेच कसं घासायचं, हे नव्या पोरींना तीच शिकवते.

लग्नाआधी काय माहीत असावं, हे सांगणारा ऑनलाइन व्हिडिओ कॉलेजनं पाठवला होता. मुलगी छकुली तो बघत होती, तर तानुबाईनं फोन हिसकावला. "हे असलं घाणेरडं काऊन पाहून राह्यली? लग्न झालं की समजते सारं."

लग्न झालं. काही दिवसांनी सासरहून छकुलीचा रडत रडत फोन आला. "माय, रात्र झाली का मले लय भेव लागते वं. कोणाले इचारू?"





"तो व्हिडिओ कसा लावा लागते, पोरी? मी पाहून सांगते तुले."