कुळथाचा रंग

कुळथाचा अर्क 'ए' रक्तगटाच्या मांसालाच चिकटतो आणि तपकिरी रंग धरतो. राजूरला सापडलेल्या प्रेताच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत शाल्मलीने तो टाकला. पडताळ्यासाठी शेजारी, नेहमीसारखी, स्वतःच्याच कापून काढलेल्या अपेंडिक्सचा तुकडा लावलेली काच. तिचा गट 'ओ'. ती काच कोरीच राहायची.

आज प्रेत कोरं राहिलं. अपेंडिक्स तपकिरी झालं.

तिने पुन्हा केलं.

पुन्हा.

"माह्या अभ्याचा गट 'ए' होता," हरवलेल्या पोराच्या शोधात आलेले रामराव दारातून गुरकावले. "कायले लपवून राह्यले तुम्ही?"

"हा तुमचा मुलगा नाही."

तिने बोट टोचून थेंब अर्कात सोडला. त्यात 'ओ' रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत, फक्त 'ए'च्या होतात.

झाल्या.

रामराव आत आले, तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी तिचं मनगट आवळलं.

"अभ्या, इथं लपून बसला काय बे? चाल घरी."