अनाकुजा

"प्रेस पाचला बंद होते, परकार. निघा."

शिपाई परकारचाचांनी प्रुफांचा गठ्ठा परत सरांच्या टेबलावर ठेवला. कॉलेजात लागण्याआधी त्यांनी अठरा वर्षं मोंबासाच्या गोदीत काढली होती, आणि सरांच्या या व्याकरणाच्या पुस्तकात तिथलाच स्वाहिली शब्द होता. 'अनाकुजा : येत नाही.'

"चुकलंय, सर. अनाकुजा म्हणजे तो येतोय."

"अहो, शब्दाला पुढे 'अ' लागला की नकार. अपुरा, अशक्य. जगभर तेच. तुम्हाला व्याकरणातलं काय कळतं?"

"काहीच नाही."

चाचांची बायको तिकडचीच. कामावरून ते गल्लीत शिरले की खिडकीतून ओरडायची, "अनाकुजा!" मग पोरं धावत सुटायची. ती जाऊन सात वर्षं झाली, तरी घराचं वळण आलं की चाचा अजून कान देतात.

"प्रुफं प्रेसला नेली नाहीत तर नोकरी जाईल, परकार."

"जाऊ दे." चाचांनी टेबलावरचा गठ्ठा उचलून स्टुलावर ठेवला आणि त्यावरच बसकण मारली. "अठरा वर्षं ती बाई मी आल्याचं गल्लीभर सांगत होती, सर. तिच्या तोंडी 'येत नाही' घातलेलं मी छापू देणार नाही."