तिसरं ठिकाण

कॅमेरावाल्यानं खिडकीवर काळं कापड लावलं आणि धोंडुबाईनं ते ओढून काढलं.

"मावशी, खोलीत अंधार हवाय आम्हाला," अनुजा म्हणाली. जुन्या खुनांच्या जागी जाऊन माहितीपट करणारी ही पोरगी मुंबईहून आली होती. पॉलिशवाल्याच्या नावावरच्या तीन खुनांपैकी हुपरीचं आणि कोडोलीचं घर तिनं कालच उरकलं होतं. कोल्हापुरातली, मंगळवार पेठेतली ही खोली तिसरी. "बघणाऱ्याला भीती वाटायला पाहिजे ना."

"अंधार कुठला? सकाळचं अकरा वाजलं हुतं. हे असंच ऊन हुतं." धोंडुबाईनं कापडाचा बोळा तिच्या हातात दिला. "माझी पोरगी हितं, ह्या कट्ट्यापाशी पडलीती. जे हुतं ते दाखवा, न्हाय तर सामान भरा."

अनुजानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि कापड पेटीत ठेवायला सांगितलं.

बारा वर्षांपूर्वी चांदीच्या भांड्यांना पॉलिश करून देतो म्हणत एक माणूस या दारात आला होता. धोंडुबाई भाजी घेऊन मंडईत बसली होती. घरात तिची बावीस वर्षांची लेक वर्षाराणी एकटी. हुपरीच्या आणि कोडोलीच्या खुनांत त्या माणसाला जन्मठेप झाली. वर्षाराणीच्या खटल्यातून मात्र तो सुटला. त्याला या घरात शिरताना कुणी पाहिलं नव्हतं, आणि भरल्या गल्लीत कुणी काही ऐकलंही नव्हतं.

साउंडवाला कानावरचा हेडफोन सरकवत दारात आला. "मॅडम, समोरच्या गिरणीचा फार आवाज येतोय. पाच मिनिटं बंद करायला सांगू?"

बोळ जेमतेम आठ फुटांचा. पलीकडं जोतीरामची पिठाची गिरणी. साउंडवाल्यानं हातानं खूण केली, जोतीरामनं बटण दाबलं, पट्टा फडफडत थांबला. तिसऱ्या घरातलं भांडं घासल्याचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला.

धोंडुबाईनं बोळापलीकडं बोट केलं.

"त्या दिशीबी गिरणी अशीच बंद हुती," ती म्हणाली.

अनुजानं हातातले कागद चाळले. "पण गिरणीवाल्यांची साक्ष आहे, मावशी. गिरणी चालू होती, काही ऐकू आलं नाही, असं त्यांनी कोर्टात सांगितलंय."

"सांगितलंय की. पर तवा लोडशेडिंग हुतं. धा वाजता लाईट जायची ती एकला यायची. मी पोलिसांस्नी सांगितलं, वकिलाला सांगितलं. बाई दुःखात हाय म्हणालं आनि गप बसवलं मला."

"मग आता आम्ही काय करू?"

"कॅमेरा चालू करा, आनि गिरणीवाल्यांच्यापाशी जाऊन हुबं ऱ्हावा. मी आत जातो."

तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं आणि कट्ट्यापाशी उभी राहिली. आई मंडईत आहे हे पोरीला ठाऊक होतं. मग त्या वेळी तिनं कुणाला हाक मारली असेल, हे धोंडुबाईनं केव्हाच ओळखलं होतं. लहानपणापासून दळणाचा डबा घेऊन ती ज्याच्याकडं जायची, तोच तेवढा समोर असायचा.

तिनं छाती भरून श्वास घेतला.

"जोतीकाका," ती ओरडली. "ओ जोतीकाका."

दुसऱ्या हाकेला तिचा आवाज फाटला. तिसरी हाक तिनं तरीही मारली. मग दार उघडून ती उंबऱ्यात आली.

जोतीराम गिरणीच्या पायरीवर उभा होता. कोपरापर्यंत हात पिठानं भरलेले. शेजारी अनुजा, आणि कॅमेरा त्याच्या तोंडासमोर.

"ऐकू आलं?" अनुजानं विचारलं.

तो हातावरचं पीठ झटकायला लागला.

"भावजी, ती काय इचारती बघा," धोंडुबाई बोळाच्या अलीकडून म्हणाली.

"आलं," जोतीराम म्हणाला. "तवाबी आलतं."

बोळातली दोन दारं किलकिली झाली होती. ती तशीच राहिली.

"चपला पायात घातल्या हुत्या मी, वैनी. ह्या पायरीवर आलतो. आनि हितंच हुबा ऱ्हायलो."

"कवापतोर?"

जोतीराम तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या मागं उघड्या पडलेल्या दारातून तो खोलीत बघत होता.

"तिचा आवाज बंद हुईस्तवर."

कॅमेरावाल्याचे हात नकळत खाली आले. अनुजानं कागद छातीशी धरले. जोतीरामनं गिरणीच्या दाराची चौकट धरली, आणि त्याला आता कुणीतरी खाली बसवावं असं सगळ्यांनाच वाटत होतं.

धोंडुबाई उंबरा उतरली. दोन पावलांत तिनं बोळ ओलांडला.

"कॅमेरा वर घे," ती म्हणाली.

कॅमेरावाल्यानं तो वर घेतला. ती जोतीरामच्या बाजूला पायरीवर चढली आणि तोंड आपल्याच घराकडं करून उभी राहिली. तिथनं उंबरा दिसत होता, कट्टा दिसत होता, खिडकीतून आलेलं ऊनसुद्धा दिसत होतं.

"आता सांगा, भावजी," ती म्हणाली. "आवाज बंद झाल्यावर त्या दारातनं भायेर कोण आलं?"