हालिनाबाईंची टाचणवही

"हे खरं मानलंत तुम्ही?" नव्वदीतल्या निवृत्त पोलिश शिक्षिका हालिनाबाई हसतच सुटल्या.

सोविएत अमलातल्या पोलिश शाळांच्या अभ्यासात प्राध्यापक केळुसकरांनी तीस वर्षं घालवली होती. बाईंच्या जुन्या टाचणवहीत, म्हणजे वर्गात काय शिकवायचं त्याच्या नोंदवहीत, रोज सोविएत मैत्रीचाच धडा होता. त्यावरूनच केळुसकरांनी आपल्या ग्रंथात लिहिलं होतं, की शिक्षक मुकाट्याने शरण गेले. ग्रंथ छपाईला गेला होता.

"अहो, ते तपासणीच्या साहेबांसाठी! दार लावून आम्ही पोलंडचा इतिहास शिकवायचो. शाळेत कधी शिकवलेलं दिसत नाही तुम्ही, प्राध्यापक!"

केळुसकरांचे कान तापले. साताऱ्याकडे मास्तर असताना, साहेब येणार म्हणून त्यांनीही महिन्याभराचं टाचण एका बैठकीत खरडलं होतं.

त्यांनी प्रकाशकाला छपाई थांबवायला कळवलं आणि कोरी वही उघडली.

"बाई, दार लावल्यावर पहिला धडा कोणता?"