निळा ठिपका

निळ्या ठिपक्याच्या डिशमधलं हृदय पळालं, अडखळलं आणि थांबलं.

हृदय म्हणजे हृदयपेशींचा तिळाएवढा पुंजका. तिने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले, चोळले. तिने पुन्हा वाकून पाहिलं. पुंजका नुसता थरथरत होता, ठोका धरत नव्हता.

लाल आणि पिवळ्या ठिपक्याच्या डिश तिने आधीच पाहिल्या होत्या. त्यांत सगळं सुरळीत होतं.

एका डिशमध्ये तिच्या लेकीच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी होत्या, एकीत नवऱ्याच्या, आणि एकीत तुलनेसाठी निरोगी माणसाच्या. या लॅबमध्ये निरोगी माणूस म्हणजे त्या दिवशी जो रजेवर नसेल तो. बाहेरचा माणूस शोधण्याचा उत्साह कुणाला? तीही कितीदा तरी बाही वर करून बसली होती, तशी याही वेळी बसली. कुठला ठिपका कुणाचा, हे मात्र लॅबच्या प्रमुख असलेल्या एकट्या मॅडमना ठाऊक होतं. पाहणाऱ्याला कळलं तर डोळे हवं तेच बघतात, असं त्यांचं म्हणणं.

गेले काही आठवडे ती डिशमधल्या हृदयपेशींशेजारी चेतापेशी वाढताना पाहत होती. आधी नुसत्या गोल, मोहरीसारख्या. मग त्यांना धागे फुटले. आंधळ्याने भिंत चाचपावी तशी धाग्यांची टोकं चाचपडत हृदयपेशींना जाऊन भिडली. भीती वाटली की हृदयाला ‘पळ’ म्हणून सांगतात त्या याच पेशी. शास्त्रात त्यांना अनुकंपी म्हणतात. अनुकंपा कसली डोंबलाची! आज तिने औषधाचा थेंब टाकून त्यांना डिवचलं होतं. चांगलं हृदय असं डिवचल्यावर पळतं आणि मग शांत होतं.

मागच्या महिन्यात कुत्रं अंगावर भुंकलं आणि लेक चक्कर येऊन पडली. हृदयाचा आलेख स्वच्छ आला. निजवून काढला तर भीतीने बिघडणाऱ्या हृदयाचाही स्वच्छ येतो, हे तिला माहीत होतं. दीर ऐन तारुण्यात पोहताना गेला होता, तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं होतं की सासरच्या रक्तातच काहीतरी आहे.

तिने नवऱ्याला फोन लावला. तो लेकीला घेऊन पोहण्याच्या स्पर्धेला गेला होता.

“तिला पाण्यात उतरू देऊ नकोस.”

“अगं, पुढची शर्यत तिचीच आहे. टोपी घालून उभी आहे बिचारी.”

“आणि तूही धावपळ करू नकोस. बस कुठेतरी.”

“मी काय केलं आता?”

“तुझा भाऊ कसा गेला ते विसरलास?”

पलीकडे शिट्टी वाजली, तशी त्याने आवाज चढवला.

“तो बुडाला. किती वेळा सांगू? आणि खोट आमच्याच रक्तात काय? तुझे मामा ट्रकचा भोंगा ऐकून रस्त्यात कोसळले, ते?”

“मामांची गोष्ट वेगळी.”

“वेगळीच असणार. माहेरची ना!”

“थट्टा नको रे. तुम्हा दोघांपैकी एकाचं हृदय आत्ता माझ्यासमोर बंद पडलंय.”

नवरा हळूच म्हणाला, “थांबवतो तिला.”

मॅडमची खोली वरच्या मजल्यावर होती. लिफ्ट येईना म्हणून ती जिन्याने निघाली. दोघांपैकी कोण? आई म्हणून उत्तर तयार होतं आणि बायको म्हणून त्याची लाज वाटत होती. वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा धरून ती थांबली. छातीत कुणी दार बडवावं तसं होत होतं. लॅबमध्ये तिला सगळे वाघीण म्हणत. आज वाघिणीची शेळी झाली होती.

मॅडमच्या पडद्यावर निळ्या ठिपक्याच्या डिशचं चित्र होतं. कॅमेऱ्यातून त्यांनीही सगळं पाहिलं होतं. शेजारी खालच्या दवाखान्यातले हृदयाचे डॉक्टर बॅग घेऊन उभे होते. ते पाहूनच तिला रडू फुटलं. वाईट बातमी सांगायला मॅडमना सोबत लागली होती.

“जिन्याने आलीस?” मॅडम एकदम कडाडल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “बस. आधी बस बघू.”

“सांगा ना. लेक की हा?”

“आधी श्वास घे. हळू. तुला अजिबात घाबरायचं नाहीये, समजलं?”

डॉक्टर खुर्ची ओढून जवळ बसले आणि तिचं मनगट हातात घेतलं. भला माणूस, तिला वाटलं.

“मॅडम, जीव टांगणीला लावू नका हो!”

“लेकीला पोहू दे,” मॅडम म्हणाल्या. “लाल ठिपका तिचा. तिला काही नाही.”

तिने डोळे मिटले. पाणी गालांवरून घळाघळा वाहू लागलं. मग तिला नवरा आठवला. म्हणजे तोच.

“पिवळा तुझ्या नवऱ्याचा. तोही ठणठणीत आहे.”

ती हसायलाच लागली. बिचाऱ्याला उगाच भावाच्या मरणाची आठवण करून दिली, आज त्याची माफी मागायची, असं तिने ठरवलं. फोन करायला ती उठू लागली, पण डॉक्टरांनी मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने ते तिची बाही वर सरकवत होते.

“मग निळी डिश बिघडली असणार,” ती म्हणाली. “मी आत्ता नवीन लावते.”

“डिश बिघडलेली नाही.” मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “उठू नकोस. रक्त तिघांचं घेतलं होतं आपण.”